पाकीट मोठं होतं, एवढंच

परवा टीममधल्या एका नव्या मुलीचा मेसेज आला. आठवडाभरासाठी ती घरी, कऱ्हाडला गेली होती. "व्हीपीएन कनेक्ट होतंय, चॅट चालतंय, पण कोड खाली येत नाहीये. घरचं नेट तर मस्त आहे!" मी लगेच लिहिलं, "एमटीयू कमी करून बघ." दहा मिनिटांत तिचे तीन हसरे चेहरे आले. तिला वाटलं, मी फार हुशार आहे. खरं सांगायचं तर हेच उत्तर शोधायला मला २०२४ च्या मे महिन्यात सोलापुरात सहा दिवस लागले होते, आणि त्यात बरीचशी अब्रूही गेली होती. ती गोष्ट लिहायची राहूनच गेली. आज शनिवार आहे, चहा गरम आहे, तर लिहून टाकतो.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. दोन्ही गुडघे, एकापाठोपाठ एक. आप्पा पंचाहत्तरीच्या घरात. बहीण परदेशात. म्हणजे मीच जाणार हे उघड होतं. मॅनेजरला विचारलं, सहा आठवडे सोलापुरातून काम करू का? तो भला माणूस आहे. म्हणाला, कर की, फक्त नेटचं बघ, कारण महिनाअखेर रिलीज आहे. मी म्हटलं, अरे सोलापुरात फायबर आहे आता, काय समजलास! आणि लॅपटॉप, चार्जर, हेडफोन असा संसार घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने घरी पोचलो.

मुरारजी पेठेतलं आमचं घर जुनं. भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात ह्या भिंतींचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे असताना आत जरा जीव शांत होतो. पण ह्याच भिंतींमुळे मोबाइलला सिग्नल मिळत नाही. हॉटस्पॉटवर काम करायचं तर गच्चीवर जायला हवं, आणि मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाराला गच्चीवर जाणाऱ्या माणसाला घरचे वेडा म्हणतील. त्यामुळे सगळी भिस्त फायबरवर.

सोमवारी सकाळी मी व्हीपीएन जोडलं. जोडलं गेलं. चॅट सुरू झालं. "गुड मॉर्निंग फ्रॉम सोलापूर" वगैरे लिहून झालं. मग रिपॉझिटरीतून नवा कोड खाली घ्यायला गेलो, आणि तो अडकला. एरर नाही, काही नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय. सर्व्हरवर लॉगिन केलं. झालं. एक छोटी कमांड दिली. उत्तर आलं. लॉग फाइल उघडली, आणि पडदा गोठला. पुन्हा नवं लॉगिन, पुन्हा छोट्या कमांडी व्यवस्थित, पुन्हा मोठं काही मागितलं की मौन. हापिसातली एक अंतर्गत वेबसाइट होती, तिची टॅबवर नावाची पट्टी यायची आणि पान पांढरंफटक.

आता आपण इंजिनियर लोक अशा वेळी काय करतो? आधी सगळं बंद करून चालू करतो. राउटर केला, लॅपटॉप केला. डीएनएस बदलला. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. काहीही फरक नाही. मग नेटवाल्यांना फोन. दुसऱ्या दिवशी एक तरतरीत मुलगा आला, शिडी लावून खांबावरून आलेली वायर तपासली, कनेक्टर पुसला आणि फोनवर स्पीड टेस्ट लावली. "बघा की सर, शंभर पाहिजे होते, अठ्ठ्याण्णव येतायत. लाइन एकदम ओके आहे. तुमच्या कंपनीचंच काहीतरी असणार." त्याचं काही चुकलं नव्हतं. लाइन खरंच ओके होती. आई त्याच लाइनवर लोळत लोळत कीर्तनं बघत होती.

मग कंपनीच्या आयटीला तिकीट टाकलं. त्यांनी त्यांच्या बाजूने पाहिलं. "तुमचं कनेक्शन सुरू आहे, पिंगला उत्तर येतंय, पॅकेट लॉस शून्य टक्के. बाकी कुणाचीही तक्रार नाही. तुमच्या इंटरनेट प्रोव्हायडरशी बोला." त्यांचंही काही चुकलं नव्हतं. तिकीट बंद.

ह्या सगळ्यात गंमत बघा. ज्याच्या त्याच्या चाचणीत सगळं पास होत होतं. वायरवाला वायर तपासत होता, वायर चांगली. आयटीवाले पिंग तपासत होते, पिंग चांगला. आणि मधल्या मधे माझं काम ठप्प. गुरुवारी मॅनेजरचा फोन आला. आवाज तोच, भला. "बघ बाबा, शनिवार-रविवारात सुटलं तर उत्तम. नाहीतर सोमवारी तू पुण्यात ये, निदान रिलीजपर्यंत तरी." आईची पहिली शस्त्रक्रिया बुधवारी होती. मी घरात कुणालाच काही बोललो नाही. पण जुन्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं. रात्री जेवताना आप्पांनी भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, "सोमवारचं तिकीट काढायचं का?"

"बघू," मी म्हटलं.

*

शुक्रवारी रात्री, सगळे झोपल्यावर, मी पहिल्यांदा नीट विचार केला. काय चालतंय आणि काय अडतंय ह्याची वहीत दोन रकान्यांत यादी केली. चॅट, लॉगिन, छोटी कमांड, पिंग: चालतंय. लॉग फाइल, कोड, वेबपान: अडतंय. वेगाचा संबंध नाही. वेळेचा संबंध नाही. डावीकडचं सगळं लहान होतं आणि उजवीकडचं सगळं मोठं. एवढी साधी गोष्ट दिसायला मला पाच दिवस लागले, कारण तोवर मी एकदाही कागदावर लिहून बघितलं नव्हतं.

इथे जरा थांबून नेटवर्कचं थोडं पुराण सांगावं लागेल. माहीत असलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

आपण नेटवरून जे काही पाठवतो ते अखंड जात नाही, त्याची छोटी छोटी पाकिटं होतात. एखाद्या वाटेवरून जास्तीत जास्त किती मोठं पाकीट एका वेळी जाऊ शकतं त्या मापाला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर हे माप १५०० बाइट आहे. हा आकडा काही देवाने दिलेला नाही. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, आणि १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनी मिळून त्याचे जे नियम छापले त्यात हा १५०० आला. तेव्हा एकाच केबलवर अनेक मशीन असायची, एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने १५०० बाइट पाठवायला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पाकीट फार मोठं केलं तर इतरांना ताटकळत बसावं लागणार, फार लहान केलं तर नाव-पत्त्याचाच खर्च जास्त. शिवाय मेमरी महाग होती. तेव्हाची ती तडजोड आज वेग शंभरपट-हजारपट वाढला तरी आपल्या घराघरात तशीच आहे.

आता ह्या १५०० मध्ये मधले लोक आपापला वाटा काढतात. अनेक घरगुती कनेक्शनवर राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करतो. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. १९९९ साली तिचा आरएफसी आला. जुन्या डायल-अपची सवय इथरनेटच्या अंगावर चढवण्याचा हा प्रकार. ह्या पद्धतीत प्रत्येक पाकिटाला ८ बाइटचं जादा वेष्टन लागतं. म्हणून आत जागा उरते १४९२. आणि व्हीपीएन काय करतं? तुमचं अख्खं पाकीट कुलूप लावून दुसऱ्या पाकिटात घालतं. आमच्या व्हीपीएनच्या ह्या बाहेरच्या पाकिटाचा खर्च होता ६० बाइट. कंपनीत ज्याने कुणी हे बसवलं त्याने १५०० मधून ६० वजा केले आणि आतलं माप १४४० ठेवलं. हिशेब चोख. फक्त प्रत्येकाच्या घरी १५०० ची वाट असेल असं धरून चाललेला. माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर तशी ती होतीही.

तर मी लॅपटॉपवर पिंग काढला. नुसता पिंग फार लहान असतो. विंडोजवर तो ३२ बाइट घेऊन जातो, लिनक्सवर ५६. आयटीवाले हाच पिंग मारून "सगळं छान" म्हणत होते. पण पिंगला आकार देता येतो, आणि "ह्याचे तुकडे करू नका" असा शिक्काही मारता येतो. विंडोजवर डॅश एफ आणि डॅश एल, लिनक्सवर डॅश कॅपिटल एम डू आणि डॅश एस. मी हापिसातल्या सर्व्हरला व्हीपीएनमधून १००० बाइटचा पिंग मारला. उत्तर आलं. १२००, आलं. १४००, आलं. १४१०, शांतता. मधे शोधत गेलो. १४०५, शांतता. १४०४, उत्तर.

पुन्हा मारला. १४०४, उत्तर. १४०५, शांतता.

वहीत मांडलं. १४०४ मध्ये पिंगचे आणि आयपीचे मिळून २८ मिळवा, झाले १४३२. व्हीपीएनचे ६० मिळवा. १४९२. माझ्या अंगावर शहारा आला म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण रात्री दीड वाजता, पंख्याच्या घरघरीत, आकडा असा तंतोतंत जुळला की जे वाटतं ते ज्याने कधी बग शोधलाय त्यालाच कळेल. मी मोठ्याने "सापडला!" म्हणालो.

"काय सापडलं?" आप्पा पाणी प्यायला उठले होते.

*

आप्पांची सगळी नोकरी रेल्वेत, मालाच्या हिशेबात गेली. संगणकातलं त्यांना कळत नाही असं ते स्वतः म्हणतात, पण वही आणि आकडे दिसले की त्यांना राहवत नाही. ते शेजारी बसले. मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, आप्पा, समजा मोठी गाडी आहे, पुढे रूळ अरुंद झाला...

"मग होटगी म्हण की," ते म्हणाले.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मुंबईहून येणारा रूळ ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा रूळ सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात टाकला तो मीटरगेज, म्हणजे बरोबर १००० मिलिमीटर. पुढे तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला, पण तोवर शंभरहून जास्त वर्षं ह्या भागात दोन मापं शेजारी शेजारी नांदली. इकडचा डबा तिकडच्या रुळावर जाऊच शकत नाही. माल उतरवायचा, लहान डब्यांत भरायचा, आणि पुढे पाठवायचा.

मी म्हटलं, अगदी हेच! नेटवर्कमध्येही आधी असंच करायचे. वाट अरुंद झाली की मधला राउटर पाकिटाचे तुकडे करायचा आणि पलीकडच्या टोकाला ते जोडले जायचे. पण त्यात राउटरला काम पडतं, आणि एक तुकडा हरवला तरी अख्खं पाकीट बाद. १९८७ साली केंट आणि मोगल ह्या दोघांनी तुकडे करणं घातक आहे असं सांगणारा निबंधच लिहिला. मग १९९० मध्ये मोगल आणि डीअरिंग ह्यांनी नवी रीत सुचवली. पाठवणाऱ्याने पाकिटावर "तुकडे करू नका" असा शिक्का मारायचा. मधे जागा कमी पडली तर राउटरने ते पाकीट टाकून द्यायचं, पण पाठवणाऱ्याला चिठ्ठी लिहायची: तुमचं पाकीट मोठं आहे, इथे एवढंच मावतं. मग पाठवणारा पुढची पाकिटं त्या मापाची करतो. हापिसातून माझ्याकडे येणारं पाकीट बाहेरून भरत होतं १५००, आमच्या गावच्या वाटेवर जागा १४९२. आठ बाइटसाठी पाकीट पडत होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. वहीवर बोट ठेवलं. "माल मोठा होता, अडला. हे समजलं. पण मग चिठ्ठी का नाही आली?"

मी गप्प. कारण खरा प्रश्न तोच होता, आणि आकडा जुळल्याच्या आनंदात तो मला पडलाच नव्हता.

"माल अडणं हे रोजचंच असतं," आप्पा म्हणाले. "माल अडला तर चालतं. त्याचा कागद अडला की घोटाळा. पाठवणारा तिकडे म्हणतो पाठवलाय, घेणारा इकडे म्हणतो आला नाही, आणि दोघंही खरंच बोलतायत."

दोघंही खरंच बोलतायत. वायरवाला आणि आयटीवाला.

चिठ्ठीचा तपास सकाळी केला. ती चिठ्ठी आयसीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने येते, आणि पिंगही त्याचाच. १९९६-९७ च्या सुमाराला "पिंग ऑफ डेथ" नावाचा प्रकार गाजला होता. नियमात बसणाऱ्या ६५,५३५ बाइटच्या कमाल मापाहून मोठा पिंग तुकड्या-तुकड्यांनी पाठवायचा. समोरचं मशीन ते तुकडे जोडायला गेलं की कोलमडायचं. पाठोपाठ १९९८ च्या आसपास पिंगचा पूर आणून नेटवर्क बुडवणारे "स्मर्फ" हल्ले आले. धास्तावलेल्या ॲडमिन लोकांनी फायरवॉलवर सरसकट नियम टाकले: आयसीएमपी आत घ्यायचा नाही. चोरांच्या भीतीने पोस्टमनलाही फाटकाबाहेर ठेवलं. मशीन केव्हाच दुरुस्त झाली, पण नियम राहिले आणि एका फायरवॉलवरून दुसऱ्या फायरवॉलवर कॉपी होत गेले. आमच्या कंपनीच्या फायरवॉलवरही तो होता. आतल्या नेटवर्कवरून पिंग चालायचा, पण बाहेरून गेटवेकडे येणारी "पाकीट मोठं आहे" ही चिठ्ठी दारातच टाकून दिली जायची. हापिसचा सर्व्हर तेच १५०० चं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा, ते पुन्हा पुन्हा पडायचं, आणि मी लुकलुकणारा कर्सर बघत बसायचो. नेटवर्कवाले ह्याला कृष्णविवर म्हणतात. सन २००० मध्ये ह्या त्रासाची रीतसर नोंद करणारा आरएफसीही निघाला होता. म्हणजे मी जो "विचित्र" बग म्हणून पाच दिवस डोकं फोडत होतो, तो चोवीस वर्षं छापील होता.

मग आईची कीर्तनं कशी चालत होती? तर घरचा राउटर तिथे एक चलाखी करतो. टीसीपीचं कनेक्शन सुरू होताना दोन्ही बाजू एकमेकांना "मला एवढा मोठा घास चालेल" असं सांगतात. राउटर त्या संभाषणात हळूच हात घालून आकडा कमी करतो, १४६० चा १४५२. पण व्हीपीएनच्या आतलं संभाषण कुलूपबंद. राउटरला ते दिसतच नाही, तर बदलणार काय?

उपाय शेवटी एका ओळीचा निघाला. लॅपटॉपवर व्हीपीएनच्या इंटरफेसचं माप १४४० वरून १४०० केलं. १४३२ पर्यंत चाललं असतं, पण थोडी मोकळीक ठेवली. माप कमी केलं की माझा लॅपटॉप समोरच्याला आपणहून सांगतो, मला १३६० चाच घास दे, आणि हापिसचा सर्व्हर तिकडूनच लहान पाकिटं पाठवायला लागतो. कमांड मारली, व्हीपीएन पुन्हा जोडलं, कोड मागवला. सरसर सरसर ओळी खाली यायला लागल्या. शनिवारी सकाळी सव्वानऊला. आई पलंगावरून म्हणाली, "एकदाचं हसलं बाई पोरगं."

सोमवारी आयटीला नवं तिकीट टाकलं. ह्या वेळी "नेट चालत नाही" असं न लिहिता १४०४ आणि १४०५ चे दोन पिंग जोडले, खाली बेरीज मांडली, आणि लिहिलं की सगळा आयसीएमपी उघडू नका, फक्त ही एक चिठ्ठी आत येऊ द्या, आणि तोवर गेटवेवर घासाचं माप कमी करा. दोन दिवसांत झालं. नंतर कळलं, लातूरचा एकजण आणि बेळगावची एक मुलगी ह्याच त्रासाने महिनोन् महिने वैतागले होते, आणि दोघांनीही "आमच्या गावचं नेटच असलं" म्हणून सोडून दिलं होतं. "बाकी कुणाचीही तक्रार नाही" ह्याचा अर्थ तेव्हा लागला.

*

खरं तर इथे लेख संपायला हवा. पण एक गोष्ट राहिली.

बुधवारी आईची शस्त्रक्रिया झाली. नीट झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन जे सांगितलं त्यात एक वाक्य होतं: गुडघ्यातली कूर्चा संपून बराच काळ झालाय, इतके दिवस ह्या चालत कशा होत्या?

मी दर रविवारी फोन करायचो. न चुकता. "कशी आहेस?" "बरंय." "जेवलीस?" "हो." "गुडघा?" "आहे आपला. तू कसा आहेस?" दहा मिनिटं, सगळी उत्तरं वेळेवर. शून्य टक्के लॉस. मी फोन ठेवून समाधानाने कामाला लागायचो. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मला आमच्या आयटीचं ते बंद केलेलं तिकीट आठवलं, आणि ते मीच लिहिलंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिला "बरं वाटतंय का?" असं विचारलं नाही. विचारलं, "देवळात शेवटची कधी गेली होतीस?" ती जरा थांबली. मग सांगायला लागली. सिद्धेश्वराच्या देवळात दोन वर्षांत गेली नव्हती, कारण तेवढं चालवत नव्हतं. जिना एक एक पायरी करून, बसून उतरायची. रात्री तीन-तीनदा उठायची. आप्पांनाही निम्मंच माहीत. हे सगळं मला का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणाली, "अरे दहा मिनिटांत काय काय सांगू? आणि तुझ्यामागे मीटिंग चालू असते."

तिचं म्हणणं तिच्यापुरतं खरं, माझंही माझ्यापुरतं खरं. मी विचारलं होतं, तिने उत्तर दिलं होतं.

आईची ती गोष्ट कुठल्या आरएफसीत बसत नाही, आणि माणसांना आकार देऊन पिंग मारता येत नाही हे मला कळतं. पण लहान लहान निरोप वेळेवर पोचतायत म्हणून वाट चांगली आहे असं मी आता धरत नाही. ना व्हीपीएनवर, ना फोनवर.

तर, घरून काम करणाऱ्यांनो, तुमच्याकडेही चॅट चालतंय आणि मोठं काही आलं की सगळं गोठतंय असं होत असेल, तर गावच्या नेटला शिव्या घालण्याआधी पिंगचा आकार वाढवत न्या. कुठल्या आकड्यापर्यंत उत्तर येतं ते वहीत लिहा. त्यात २८ मिळवा, तुमच्या वाटेचं माप मिळेल. व्हीपीएनचा एमटीयू त्याच्या खाली ठेवा. फार खटाटोप करायचा नसेल तर १२८० करून टाका. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक वाटेला निदान एवढं वाहून न्यावंच लागतं, त्यामुळे हा आकडा सहसा कुठेही पार पडतो. वेग किंचित कमी होईल, पण काम सुरू राहील. आणि फायरवॉल तुमच्या हातात असेल तर आयसीएमपी सरसकट बंद करू नका. ती चिठ्ठी कुणाची तरी वाट बघत असते.

मी सहा आठवडे सोलापुरात राहिलो. रिलीजही झाला. आई आता हळूहळू देवळापर्यंत जाते, रिक्षाने जाते आणि तलावाच्या कडेने थोडी चालते. रविवारचा फोन चाळीस मिनिटांवर गेलाय. आप्पा मधेच फोन घेतात आणि न चुकता एकच विचारतात, "काय रे, लाइन तपासतोयस का?"

"हो आप्पा," मी म्हणतो. "बोला, काय काय झालं आठवड्यात?"